देवजीकाकांच्या भिजत घातलेल्या टाइल्स

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या सरपंच जयश्रीताई. व्यासपीठावरच्या आदरणीय निलम मॅडम. खुर्चीच्या अगदी कडेला, आता पळू की मग पळू असे बसलेले सत्कारमूर्ती देवजीकाका गवंडी. आणि जेवणाचा वास आल्यापासून माझ्याकडे रागाने बघणारी रानशेतची माझी माणसं, सर्वांना या रविंद्रचा नमस्कार. मिथुन, माईकची शिट्टी बंद कर रे, देवळात आहोत आपण, मॅचला नाही.

पन्नास वर्षं थापी चालवून काका उद्या तलासरीला लेकीकडे राहायला चाललेत. सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलले. मी त्यांची लबाडी सांगणार आहे. त्यासाठी माझीही सांगावी लागेल, इलाज नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी डहाणू रोडला टाइल्स विकतो. दोन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा मी कमिटीचा सेक्रेटरी. आपलं महादेवाचं देऊळ कसं? काळ्या दगडावर काळा दगड नुसता बसवलेला, मध्ये चुन्याचा थेंब नाही. खांबांवर वेली, उंबऱ्यावर दात विचकणारं कीर्तिमुख. दाराच्या डाव्या हाताला दगडात कोरलेला नऊ ओळींचा लेख, त्यावर चंद्र-सूर्य. आणि मी काय म्हणालो? "हे फार खडबडीत दिसतं. इथे पांढऱ्या टाइल्स लावू, मधोमध माझ्या वडिलांच्या नावाची पाटी." कमिटीने टाळ्या वाजवल्या. टाइल्स फुकट मिळत होत्या ना!

काकांनी मान डोलावली आणि टाइल्स भिजत घातल्या.

आठवड्याने गेलो. "काका, झालं?" "शेट, टाइल्स अजून पाणी पितायत." पुढच्या आठवड्यात वाळू खारट निघाली. मग ओळंबा सापडेना. मग पुन्हा टाइल्सची तहान! अहो, टाइल्स विकून माझे केस पिकले. टाइल एक रात्र भिजली की बास. महिनाभर पाणी प्यायला ती काय म्हैस आहे?

शेवटी माझं डोकं फिरलं. चारचौघांत मी काकांना कामचुकार म्हणालो, दुसरा गवंडी आणतो म्हणालो. काका चिडले नाहीत. माझा हात धरून त्या अक्षरांवरून फिरवला. म्हणाले, "शेट, मला वाचता येत नाय. पण टाकीचा घाव कळतो. नऊ ओळींत एक टवका उडालेला नाय. त्यावर मी टाइल चिकटवली, तर वर गेल्यावर तो माणूस मला काय बोलेल?"

तरी माझा पाटीचा मोह सुटला नाही. दिली फक्त चार दिवसांची मुदत.

त्या चार दिवसांत काकांनी नात रुचिकाकरवी तिच्या कॉलेजच्या निलम मॅडमना इथे आणलं. मॅडमनी ओला कागद दगडावर चिकटवला, ब्रशने थापटून ठसा घेतला आणि वाचला. आठशे वर्षांपूर्वी कुणा सोमनायकाने देवाच्या दिव्याला रोजचं तेल दान म्हणून लावून दिलं होतं. अन् त्यावर मी बाथरूमच्या टाइल्स लावणार होतो! हो, बाथरूमच्याच. दुकानात उरल्या होत्या.

बाबांची पाटी काकांनी बाहेरच्या ओट्यावर बसवली, एका दुपारात. ती बरी भिजवावी लागली नाही! काम केलं नाही म्हणून सत्कार होणारे हे बहुधा पहिलेच गवंडी. आणि मी त्यांना कामचुकार म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

लेखाची शेवटची ओळ मात्र काकांना सांगू नका, अशी मी मॅडमना गळ घातली होती. आज सांगतो. "हे दान जो राखील, तो कुठल्याही कुळाचा असो, त्याच्या पायांची धूळ मी मस्तकी लावीन."

अध्यक्षांचे, मॅडमचे, सकाळपासून चुलीपुढे बसलेल्या बायाबापड्यांचे मनापासून आभार. माझ्या जिभेने कुणाला ओरखडा काढला असेल तर पोटात घाला. सोमनायक काही यायचे नाहीत, तेव्हा त्यांचा शब्द कमिटीतल्या कुणीतरी पाळायला हवा. मी माईक खाली ठेवतो. देवजीकाका, बसून राहा. पाय मागे घ्यायचे नाहीत.