हातावरची पट्टी

(पाळण्याची कडी करकरली. बाळ कुशीवर वळलं. नवरा-बायको पाळण्याशेजारी बसले होते.)

ती : काल रात्री जेवल्यावर काही खाल्लं होतंस?

तो : पाणीसुद्धा नाही. सकाळी तूच तर सुई टोचलीस, उपाशीपोटी.

ती : टोचली. माझ्या लॅबमध्ये नेऊन रक्ताची ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवली. वर पिवळं, नितळ पाणी यायला हवं. तुझ्या ट्यूबमध्ये दुधासारखं पांढरं उतरलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी चौपट, इन्सुलिन तिप्पट.

तो : माझ्या अंगावर चरबी शोधून सापडायची नाही. तुझी आईच म्हणते, जावयाची हाडं मोजून घ्या.

ती : ही चरबी अंगावर नसते. पोटाच्या आत, लिव्हरला लपेटून बसते. आरशात दिसत नाही, रक्तात दिसते. मग दोन वर्षांपूर्वी तुझ्या नावाची ट्यूब इतकी लख्ख कशी?

तो : शरीर बदलतं गं.

ती : तेव्हा घरच्यांना सुई टोचायला माझं मन धजायचं नाही, म्हणून त्या दिवशी मी सुट्टी घेतली. आज लॅबमधल्या मुलीला विचारलं, तेव्हा रक्त तिनेच काढलं होतं. तिला माझा नवरा चांगला आठवतो. गुबगुबीत, हसरा. अजून तिला वाटतं, मी त्यांच्याशीच संसार करते.

तो : हळू बोल, बाळ उठेल.

ती : धाकट्या भाऊजींना पाठवलंस.

तो : तो रोज पोहतो. त्याचं चांगलंच येणार होतं. माझं काय येणार, ते ऑफिसच्या तपासणीत कळलं होतं.

ती : तुझे बाबा चाळिशीत हार्ट अटॅकने गेले. म्हणून मी एकच अट घातली होती. आधी रक्त तपास, मग दुसऱ्या बाळाचं बोलू.

तो : म्हणजे आता ही पाळण्यातली नकोशी झाली?

ती : तिला मध्ये आणू नकोस. ती माझा जीव आहे. मी कुणाच्या रक्ताला 'हो' म्हटलं, तेवढं सांग.

तो : तू नाही म्हणाली असतीस.

ती : म्हणाले असते. औषध सुरू केलं असतं, तुला रोज पळायला लावलं असतं, आणि वर्षभराने हो म्हणाले असते. त्याऐवजी दोन वर्षं आग्रह करकरून वाढत राहिले रे तुला.

तो : घाबरलो होतो.

ती : मग सोबत घाबरायला मी नव्हते का?

थोरली मुलगी (दारातून) : बाबा नाही घाबरत. तो तेव्हा सुई टोचून आला, तर रडलापण नव्हता. मला पट्टी दाखवली होती हातावरची. आई, तू त्यावर पापी दिली होतीस.

ती : तू कधी आलीस इथे?

थोरली : पण सुई तर काकाला टोचली ना? मग आई, त्या पट्टीखाली काय होतं?