फोनवर बरंच असतं

माजा जन्म सांगोल्याकडचा, मेंढरामागंच, शाळा कसली न् काय. बा शिकवायचा, मेंढरू मलूल दिसलं की डोळ्याची पापणी खाली वडायची, आतनं पांढरीफटक दिसली की रगत कमी, अवशीद पाजायचं. हात लावल्याबिगर जितराबाचं बी कळत न्हाय बघा, आन डाक्टर म्हणं मला फोनात बघणार! जळो त्यो फोन.

काय सांगू तुमाला, काचबिंदू निघाला तवापास्नं दर तीन म्हैन्याला सोलापूरला जायची मी, डाक्टर पापणीवर बोटं टेकायचा, मशिनीवर डोळ्याचा दाब मोजायचा, मग थेंबाची बाटली द्यायचा. लेक संगी पुण्यास्नं रजा काढून यायची संगट. मग कुणाच्या तरी डोक्यातनं निघालं, आजी, आता घरी बसूनच दाखवा फोनवर. संगीला लई आनंद, आई, तुजी दगदग वाचली गं. कसली दगदग? एसटीत बसून मायलेकी भाकरी खायचो, ती वाचली व्हय! संगीचं येणंच बंद झालं की.

तर सून फोन धरायची, त्यात डाक्टरचं एवढंसं तोंड यायचं, काय आजी, दुखतंय का, दिसतंय का? मी म्हणायची, बरं हाय, तुमी कसं हायसा? आता फोनवर कुणी रडगाणं गातं का? लांबच्या माणसाला बरं हायच म्हणायचं, त्याच्या जिवाला घोर कशाला. चार बारीला आसंच झालं.

आन एक दिस डावीकडनं बोकड आला त्यो मला दिसलाच न्हाय, धडकला, गव्हाणीवर आपटले. सुनेनं सोलापूरला नेलं. डाक्टरनं पापणीवर बोट ठिवलं. मशीन लावून म्हणला, डाव्याची नजर आता परत यायची नाही, उजवा जपायचा. वर मलाच, आजी, आधी का नाही सांगितलं? म्या म्हणलं, मुडद्या, तू फोनवर इचारलंस की!

आता उजवा ऱ्हायलाय. फोनवर दाखवा म्हणत्यात आजून, म्या म्हणलं चुलीत घाला, मी एसटीनं येणार. संगी रोज फोन करती, आई, डोळा कसा हाय? बरं हाय, म्हणते. डाव्याचं तिला ठावं न्हाय, सुनेला शपथ घातलीया. यिऊ दे समोर, माजं तोंड धरून बघू दे, मग सांगीन. तुमी हितं येऊन बसलासा म्हणून बोलले बाबा, सुखी ऱ्हावा.