रमेशची मशीन

मी मूळची आसगावची. शाळा चौथीपर्यंत, मंग धानाच्या बांध्यांत, अन् लग्न होऊन पवनीले आली. नवरा लवकर गेला, त्याचं काय सांगू तुम्हाले, गेला त गेला. पोरगा एकच, रमेश. त्यानं समोरच्या या खोलीत फोटोचं दुकान टाकलं, लग्नाच्या शुटिंगा करे, अन् त्यासाठी हे कंप्युटर आणलं. आम्ही त्याले मशीनच म्हणतो.

साऱ्या गावाचे फोटो काढले त्यानं, पण स्वतःचा काढाची लाज. तापानं गेला तेव्हा सून, वनिता, पोटुशी होती. नातीनं, सोनीनं, बाप पाह्यलाच नाही. भिंतीवर तो आहे, पण तो मतदान कार्डावरचा मोठा केलेला, त्याच्यात तो चोरावाणी दिसते. नवा कॅमेरा आणला त्या दिवशी मात्र त्यानं स्वतःवरच लावून पाह्यला, ते शुटिंग मशीनीत राहिलं. चालता-बोलता रमेश तेवढाच.

मंग घरात रीतच पडली. दसऱ्याले लोक नांगर-विळे पुजतात, आम्ही मशीन पुजतो. हळद-कुंकू, झेंडूची माळ, मंग ती सुरू करतो, अन् रमेश दिसला की सोनी त्याच्यासमोर आपट्याचं सोनं ठेवते. बाकी वर्षभर मशीनीवर चादर. मागच्या दसऱ्याले ती आतून टक टक करे. आसगावच्या घराच्या लाकडात भुंगा लागला होता तेव्हा असाच आवाज ये, वरून लाकूड धड अन् आत पीठ. मी वनिताले म्हटलं, याच्यात काही लागलं आहे. ती म्हणे, आई, लाकूड आहे का ते.

यंदा सोनी म्हणे, त्या शुटिंगची नक्कल पेन ड्राइव्हवर घेऊ. पण नवी वस्तू, तिचीही पूजा झाली पाहिजे, म्हणून पोरीनं तो आधीच मशीनीच्या मागे खोचला, कुंकू लावलं, अन् मंग बटण दाबलं. पडदा काळा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. सोनी वाचून म्हणे, आजी, काहीतरी मिसिंग आहे म्हणते. मी म्हटलं, काय हरवलं ते सांग, शोधू. ती म्हणे, तेच समजून नाही राहिलं. बंद केली, सुरू केली, पुन्हा तीच अक्षरं. पोरगी म्हणे, मी बाबाले मारलं का. मी म्हटलं, तुझा बाप तापानं मेला, तू जन्मालेही आली नव्हती, गप बस.

प्रमोद मेकॅनिकले बोलावलं. सणाच्या दिवशी कायले म्हणत म्हणत आला. म्हणे, मावशी, मशीनीले जागं करणारा एक प्रोग्राम असते, तो तिले सापडून नाही राहिला. आतलं विंडोज जुनं, एक्सपी आहे, म्हातारं झालं, सारं पुसून नवीन टाकून देतो, चकाचक. मी म्हटलं, पुसल्यावर माहा पोरगा राहीन का. तो मशीनीवर वाकला. मंग मागे हात घालून तो कुंकवाचा पेन ड्राइव्ह काढला अन् हसला. म्हणे, ती आधी याच्यातच पाहून राहिली होती, रिकाम्यात काय सापडन. बटण दाबलं, मशीन सुरू झाली. वनितानं हात जोडले.

पण टक टक थांबेना. प्रमोदनं कान लावला अन् त्याचं हसू गेलं. नक्कल करून पाह्यली, ती अर्ध्यात अटकली. म्हणे, आतली डिस्क जाऊन राहिली, मी भंडाऱ्याहून सामान आणतो, तोवर बंद करू नका, पुन्हा उठाची नाही. अन् ते शुटिंग उघडूही नका, जोर पडन.

तो गेला. आम्ही तिघी मशीनीसमोर बसून राहिलो. वैनगंगेकडून भर दुपारी काळं भरून आलं, तिकडे धान कापणीले आलेलं, अन् लाइन गेली. लाइन गेल्यावर मशीन घडीभर चालवते ती खालची बॅटरी टूं टूं करू लागली. बाहेर टूं टूं, आत टक टक. वनिता म्हणे, थांबा, प्रमोद येईन. सोनी माह्या तोंडाकडे पाहे. बॅटरी किती जुनी, ते मले माहीत होतं. मी म्हटलं, उघड.

रमेश दिसला. हीच खोली, हेच दार. कॅमेऱ्यात पाहून म्हणे, आई, दारातून सरक, उजेड अडवून राहिली तू.

अन् पडदा काळा. या वेळी अक्षरंही नाही.

आता मशीन या चादरीखाली आहे. प्रमोद नागपूरले नेऊन पाहतो म्हणे, आशा ठेवू नका असंही म्हणे. मी नाही ठेवत. सोनीनं बापाचा आवाज पुन्हा ऐकला, तिचं भलं हो, तिनं सोनं त्या काळ्या पडद्यासमोरच ठेवलं, मी उचलू नाही दिलं.

तुम्ही लिहून घेऊन राहिले न? मंग दारातून जरा सरका. उजेड अडते.