चप्पल आजच का

निवेदिता : पण बाबा, चप्पल उजव्याच पायातली का काढलीत?

कृष्णराव : डावीचा अंगठा तुटलाय. नेम चुकला असता.

निवेदिता : मी मस्करी नाही करत. शेजारच्या दिवाकरकाकांच्या कपाळावर टेंगूळ आलंय. दहापर्यंत माफी मागितली नाही तर ते ठाण्यात रिपोर्ट लिहवणार, असं शोभनाकाकू आईला सांगून गेल्या.

कृष्णराव : लिहवू दे. बावीस वर्षं मिलच्या एकाच खात्यात साचे चालवून कापड विणलं आम्ही दोघांनी. ठाणेदार विचारेल, हत्यार काय? चप्पल. नंबर? सात. हसून हसून मरेल बिचारा.

निवेदिता : आमच्या सायकॉलॉजीच्या पुस्तकात आहे. एकाचा राग माणूस भलत्यावरच काढतो. मिल बंद पडली, त्याचा राग...

कृष्णराव : म्हणजे मालकाला मारायची ती दिवाकरला बसली म्हणतेस? अगं, मालक राहतो मुंबईला. इतक्या लांब कोणाची चप्पल जाते?

निवेदिता : मग जळफळाट असेल. त्यांना पीथमपूरला नोकरी लागली, कंपनीची बस न्यायला येते, आणि तुम्ही दीड वर्ष घरी.

कृष्णराव : तो तर आहेच, लिहून घे. पण जळतो मी रोज. चप्पल आजच का काढली, हे आहे का तुझ्या पुस्तकात?

निवेदिता : नाही. म्हणून तर विचारतेय.

कृष्णराव : सात वाजता त्या बसचा हॉर्न वाजला की माझे पाय आपोआप फाटकाकडे जातात. मिलचा भोंगाही सातचाच होता ना. फाटकाला हात लागला की आठवतं, मग झाडांना पाणी घालत बसतो. आज ड्रायव्हर नवा होता. दार उघडून म्हणाला, आओ भिया, जल्दी बैठो. मी एक पाय ठेवला.

निवेदिता : बसमध्ये?

कृष्णराव : पायरीवर. आतून दिवाकर म्हणाला, इनको छोड़ो, ये तो खाली हैं.

निवेदिता : सहज म्हणाले असतील हो. घरी असतात, एवढंच.

कृष्णराव : आमच्या खात्यात सूत संपलेल्या कांडीला खाली म्हणायचे बेटा. काढायची आणि टोपलीत फेकायची. दिवाकरला हे चांगलं माहीत आहे. सगळी बस हसली.

(निवेदिता वही मिटते.)

निवेदिता : चला, मी येते बरोबर. माफी मागून मोकळे होऊ. पण तुम्ही का मारलंत, ते मी काकांना ऐकवणार आहे.

कृष्णराव : ते नको सांगूस. राग आला होता, एवढंच सांग. रागीट माणसाला लोक जरा वचकून असतात.