‘आसेत’ डचांचा नव्हे

— नाही, चारुदादा म्हणू नकोस, उत्कर्ष, आज तरी नको. आणि हळू बोल, देवश्री आत पानं घेतेय. दादा म्हणणारा माणूस भर सेमिनारमध्ये, प्रोफेसरीणबाईंसमोर, हात वर करतो? काय तर म्हणे, ‘आसेत’ हा इंडोनेशियन शब्द डचांकडून आलाच नाही, थेट इंग्रजी ‘अ‍ॅसेट’वरून आला, डच लोक मालमत्तेला ‘आक्टिवा’ म्हणतात, आणि तो शब्द तिकडे ‘आक्तिवा’ म्हणून वेगळा नांदतोय. गेनाऊ! बरोबरच आहे तुझं. चूक आहे असं मी म्हटलं का? माझ्या प्रबंधाचा अख्खा चॅप्टर डचांच्या जहाजात बसला होता, त्याच्या बुडाला तू भोक पाडलंस — पाडायचंच होतं तर आदल्या दिवशी पाडायचंस की! याच सोफ्यावर बसून थालीपीठ चापत होतास. घरचं माणूस चुकलं तर कानात सांगतात रे, चारचौघांत नाही. इथं असंच चालतं म्हणे, मोकळी चर्चा! हो, जर्मनांत चालतं. तू कधीपासून जर्मन झालास? आनमेल्डुंगला, तुझा पत्ता नोंदवायला, मी तुझ्यासोबत रांगेत उभा होतो, तेव्हा तर चांगला लातूरचा होतास. आणि वर त्यांनी टेबलं वाजवली — टाळ्यांऐवजी बोटांनी टकटक करतात ना, ती — तुझ्यासाठी. माझ्यासाठी कधी... जाऊ दे.

नंतर बाईंनी मला आत बोलावलं. माझं डॉक्टरेटचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. — असा काय बघतोस? नाही, देवश्रीला नाही माहीत. कसं माहीत असेल? माझ्या डॉक्टरेटच्या भरवशावर पुण्यातली नोकरी सोडून आली ती. काल बाबांना फोनवर सांगत होती, ‘यांचं झालंच आता.’ मी तिथंच उभा होतो, नुसती मान हलवली. लाज वाटते मला, कळलं?

जॅकेट कशाला घालतोस? काढ ते. उपाशी गेलास तर ती कारण विचारेल, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. हात धू. मी हसून आग्रह करीन, तू दोनदा ‘नको’ म्हण, तिसऱ्यांदा भात घे, नेहमीसारखा. पुढच्या रविवारी काम आहे म्हणून सांग तिला, त्याच्या पुढच्याही. — आलो गं! उत्कर्षला केव्हाची भूक लागलीय! — ऊठ. पोटभर जेव, आणि परत या घरात पाऊल टाकू नकोस.