उभी राहिली की तापते

दीर: वहिनी, इंजिन बंद करा आता. गिऱ्हाईक यायच्या वेळेला वाफा नकोत.

वहिनी: नाही करणार. भाऊजी, विकायच्या आधी एकदा तुमच्यासमोर तापू दे तिला.

दीर: महिनाभर तापतेच आहे की! थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं, रेडिएटर धुऊन आणला. आता इंजिनचं हेडच गेलंय, दुसरं काय? शाळेच्या मुलांची व्हॅन चालवता तुम्ही. भर रस्त्यात दगा दिला तर?

वहिनी: रस्त्यात एकदाही दिला नाही. शाळेच्या फाटकापाशी रांगेत उभी राहिली की काटा चढतो. तुम्ही तपासता कशी?

दीर: कशी म्हणजे? हमरस्त्यावर मोठी चक्कर मारतो. तुमच्या लग्नाच्या आधीपासून असंच करतोय मी.

वहिनी: चकरेत तापली?

दीर: नाही ना! तीच तर तिची लबाडी.

वहिनी: लबाडी कसली? पळताना वारा लागतो तिला. उभी असताना कोण वारा घालणार?

दीर: फॅन आहे की. बॅटरीला डायरेक्ट जोडून बघितलाय, मस्त फिरतो.

वहिनी: तुम्ही फिरवलात म्हणून फिरला. आपणहून फिरतो का? हा बघा, काटा निम्म्याच्या वर गेला. येतंय काही ऐकू?

दीर: ...नाही.

वहिनी: आता एसी लावते.

दीर: अहो, नको! एसीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं ना? इंजिनवर आणखी भार...

(बॉनेटखालून फॅनची घरघर सुरू होते.)

दीर: आँ? फिरला?

वहिनी: आणि काटा उतरतोय. परवा फाटकापाशी एका पोरीला मळमळायला लागलं. म्हटलं, गाडीचं व्हायचं ते होवो, आणि लावला एसी. तेव्हा लक्षात आलं. काल मुद्दाम पुन्हा करून बघितलं.

दीर: मग मला आज सांगताय?

वहिनी: तुमचं ऐकलं नाही, हे कोण कबूल करणार? तुम्ही चिडलात की घरात कुणाला घास गोड लागत नाही. पण आज गप्प बसले तर गाडी जाईल. मुलं दुसऱ्याच्या व्हॅनमधून जातील आणि मी घरी बसेन. मला नाही घरी बसायचं, भाऊजी.

दीर: थांबा, थांबा. एसी लावला की फिरतो, म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक. इंजिन तापल्याचा निरोपच फॅनला पोचत नाही. एसी बंद करा. रेडिएटरवर फॅनचा सेन्सर असतो, त्याचा प्लग काढून दोन टोकं वायरनं जोडतो... हं!

वहिनी: फिरला!

दीर: सेन्सर मेलाय! अंगठ्याएवढी वस्तू, आणि मी अख्खं इंजिन मोडीत काढायला निघालो होतो. वैतागून निकाल देऊन मोकळा झालो.

वहिनी: पण इतक्यांदा तापली. हेडला खरंच काही झालं नसेल ना?

दीर: इंजिन बंद करा, ऑइलची पट्टी काढतो. हेड गेलं असतं तर पाणी मिसळून ऑइल दुधाळ दिसलं असतं... छे, औषधालाही नाही! काटा चढला की काय करायचात तुम्ही?

वहिनी: लाल रेघेच्या आत गाडी बंद. मुलांना सावलीत बसवायचं, कोडी घालायची. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे. मी काही हलायची नाही.

दीर: म्हणून वाचलं हे इंजिन. वहिनी, मी हजार गाड्या उघडल्या असतील, पण एखादीच्या शेजारी असा धीर धरून कधी उभा राहिलो नाही. मानलं तुम्हाला. खरंच मानलं.

वहिनी: मानताय काय, सेन्सर आणा. सकाळी मुलं वाट बघतील.

दीर: आणतो. आधी फोन लावू दे... हॅलो? हां, व्हॅनचं बोलतोय. येऊ नका, विकायची नाही. बिघाड सापडला... नाही हो, मला कुठला सापडतोय? आमच्या वहिनींना.