स्टॉपेड

...आता तुम्हीच सांगा, जे समोर लिहिलेलं आहे ते वाचायचं नाही, हा कुठला न्याय झाला? एस, टी, ओ, पी, पी, ई, डी. सात अक्षरं. ई-डी बिचारे शेवटी छाती काढून उभे आहेत, मंग म्हणायचं काऊन नाही? मी म्हणायचो स्टॉपेड! वॉकेड! आस्केड! धामणगाव बढ्याच्या शाळेत तीस वर्षं म्हटलं, पोट्ट्यायनं एका सुरात म्हटलं, तपासणीले साहेब आले तर त्यायनंबी मान डोलावली. आणि आता म्हणतात, गोविंदा मास्तर, चुकलं! म्हणायचं स्टॉप्ट. वॉक्ट. ई गेला उडत आणि ड चा झाला ट. तुमाले सांगतो, इंग्रजी शब्द सुरू कोणीबी करते हो... संपवता येत नाही.

हे कळलं माह्या लेकीमुळं, अर्पितामुळं. नर्स आहे. बाहेरदेशी नोकरीचं जमलं, कागद झाले, फक्त इंग्रजीची तोंडी परीक्षा राह्यली, तर त्यात दोनदा नापास! अर्ध्या मार्कानं! बोलते फडाफडा, पण शब्दाचं शेपूट एक तर माह्यासारखं लांबवते, नाही तर गिळूनच टाकते. परीक्षेत तिले विचारलं, पेशंटले रिअॅक्शन आली तेव्हा तू काय केलं? ही म्हणाली, आय स्टॉप द सलाईन. आता थांबवली, का रोज थांबवत असते? दवाखान्यात असं बोललं तर माणूस जिवानं जाईल ना! हे मले पटलं. तिसरी परीक्षा शेवटची होती, हुकली का जागा दुसरीले. पोट्टी जेवेना.

मंग मोताळ्याले मलिहा मॅडमचा क्लास लावला. मीबी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मॅडम म्हंजे कोण? माह्याच हाताखाली शिकलेली! तिनं सांगितलं, शेवट तीन असतात, ट, ड आणि इड. इड तेवढं वॉन्टेडसारख्या शब्दाले. मनात म्हटलं, चला, तीस वर्षांत एक तरी बरोबर निघाला. तास सुटल्यावर हळूच विचारलं, बेटा, मले कधी सांगितलं काऊन नाही? ती खाली पाहून म्हणाली, "सर, तुमच्यासमोर मी अजूनबी स्टॉपेडच म्हणते."

किती पोट्टे हो... कुठंकुठं मुलाखतीले बसले असतील, माह्या भरवशावर स्टॉपेड म्हणून परत आले असतील? लय वाईट वाटलं, खरं सांगतो.

मंग घरी सराव सुरू झाला. पण आपल्या जिभेले जोडाक्षरावर थांबायची सवय कुठं आहे? शेजारच्या पोराचं नाव संघर्ष. म्हणून पाहा. संघर्ष...अ! तो अ मागं लागतेच. अर्पिता म्हणे स्टॉप्ट...अ. मी म्हणे, अ खा. ती अ खाये तर ट बी पोटात जाये! आमच्या वंदनाबाई, म्हंजे तिची आई, स्वयंपाकघरातून म्हणत, तुमी दोघं काय खायचं ते एकदाचं ठरवा, म्हंजे मी भाकरी टाकते. महिनाभर तोंडासमोर कागद धरला, ट म्हटल्यावर कागद हलला पाहिजे! शब्द सुरू कोणीबी करते... संपवता येत नाही.

पास झाली. शेगावच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिली, पुढं विमान होतं, तिची आई रडली, मी सूचना देत राह्यलो. आता सहा महिने झाले. परवा फोनवर इंग्रजीतच म्हणे, बाबा, आय मिस यू. मास्तर माणूस मी, राहवते का? म्हटलं, पोरी, ट खाल्ला! मिस्ट यू म्हण!

मंग म्हणे, "नाही बाबा. ट लावला का ते सरून जाते. माहं अजून सुरूच आहे."

चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हटलं, बरं बाई... तू आपली चूकच म्हणत जाय.